सातव्या महिन्यातलं ग्रहण

“मुलगाच असावा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पोटच्या लेकराबद्दल ‘असावा’ ऐकताना आईबापाचं काय होतं, ते मी सोलापूरच्या त्या दवाखान्यात पाहिलं. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी लिहिते आहे.

लेकरू माझ्या भावाचं, दत्तूचं. जन्मल्याबरोबर मी, उतावळी आत्या, काशाची थाळी बडवून अख्ख्या केम गावाला मुलगा झाल्याचं कळवून बसले. मग सुईणीनं फडकं बाजूला केलं आणि मला जवळ बोलावलं. मुलगा म्हणावा तर तसं नाही, मुलगी म्हणावी तर तसंही नाही. वाजवलेली थाळी परत कशी घ्यायची?

असलं मूल देवीला सोडायचं, ही आमच्याकडची रीत. माझी आई म्हणाली, “बारशाच्या आत सोडा. नाव ठिवलं की जीव अडकतो.” दत्तू उठला. आम्हाला घेऊन सोलापूरच्या गाडीत बसला.

दवाखान्याच्या बाकावर माझी भावजय शेवंता लेकराला पदराखाली धरून होती. शेजारीण विचारी, “पोरगा का पोरगी वो?” मी म्हणे, “खोकला झालाय.”

डॉक्टरीणबाईंनी लेकराच्या जांघेत बोटांनी चाचपलं. “इथं ग्लँड लागते. म्हणजे पुरुषाचं बीज तयार करणारी गाठ. पण एकीकडेच आहे.” आजाराचं नाव हायपोस्पॅडियास, म्हणजे लघवीची वाट टोकाशी न उघडता खाली उघडते.

“पोटात दुसऱ्या महिन्यापर्यंत मुलगा-मुलगी सारखेच दिसतात,” त्या म्हणाल्या. “दोघांचाही तो भाग एकाच कोंभातून वाढतो. मुलीच्या कडा उघड्या राहतात, मुलाच्या मिटून शिवण बसते. याची शिवण अर्धीच राहिली.”

‘शिवण’ ऐकताच शेवंतानं बाईंचा हात धरला.

“मी गिराणात सुई धरली व्हती,” ती म्हणाली.

गरोदर बाईनं ग्रहणात शिवायचं नसतं. हिनं गोधडीला टाके घातले होते.

“माज्याच हातानं झालं. द्या देवीला. तिचं तिला जाऊ द्या.”

दत्तूनं मान खाली घातली. मला वाटलं, संपलं सगळं. लेकरू तेवढ्यात झोपेत हसलं. बघवेना.

बाईंनी शांतपणे विचारलं, “ग्रहण लागलं तेव्हा कितवा महिना होता?”

“सातवा. डोहाळजेवण झालं व्हतं की.”

“ही शिवण चौथ्या महिन्यापर्यंत बसायची ती बसते. तुम्ही सुई धरलीत त्याच्या कितीतरी आधी हे झालेलं होतं.”

शेवंतानं बोटांवर महिने मोजले. पुन्हा मोजले. “माज्या सुईच्या आदीच?”

“आधीच.”

तिनं लेकरू छातीशी ओढलं. “आक्का,” ती मला म्हणाली, “सासूबाईस्नी सांगा. मी न्हाई देत.”

तिसऱ्या वर्षी ऑपरेशन झालं. क्लोरोफॉर्मच्या वासानं मीच आधी आडवी झाले, दत्तूनं मलाच उचलून बाकावर टाकलं. पुढे ताप चढला, टाके उसवले, पुन्हा घातले. दुसरी ग्लँड सापडलीच नाही. मोठेपणी काय होईल, बाई सांगत नाहीत. आम्हीही विचारायचं सोडलंय. खोटं कशाला बोलू, मी दरवेळी विचारते.

ऑपरेशनचे उपकार आहेतच. पण ‘कितवा महिना’ या प्रश्नाचे जास्त. तो आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. तुमच्या घरी असं लेकरू आलं, तर त्याच्या आईला बोल लावण्याआधी तेवढं विचारा.

धास्ती काही गेली नाही. पोरगं नुसतं कण्हलं तरी आम्ही सगळी धावतो. सगळ्यांच्या पुढे माझी आई असते.