गळ्याला गार लागणारी लोकर

२०१६ साली मी अठ्ठावन्न वर्षांची होते. आत्ताच्या मानाने पोरच, आणि अक्कलही पोरीइतकीच. त्या वर्षी धाकट्या लेकीला दूर पहाडातल्या एका शाळेत नोकरी लागली. दसरा झाला की निघायचं होतं. घोलवडात ज्याला त्याला मी पेढे वाटले, पण डोळ्यांपुढे सारखा तिचा घसा. लहानपणापासून जरा हवा बदलली की हिचा घसा सुजणार, मग ताप, मग मिठाच्या गुळण्या. आणि तिथे म्हणे नळात पाणी गोठतं!

माझं बूड एका जागी टेकेना. ओटीवरून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून वाडीत. चिकू निवडायला बसले तर कच्चे आणि पिकलेले एकाच टोपलीत.

"आई, बस ना जरा."

"तुला स्कार्फ विणते," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. जन्मात दाराच्या तोरणांपलीकडे मी काही विणलं नव्हतं, तेही क्रोशाच्या एका सुईवर.

"विकत मिळतो की."

"विकतचा घशाला लागू पडत नाही." जशी काही मी वैद्याची सून!

तडक रिक्षा करून डहाणू रोडला गेले. तिथल्या दुकानातली गुजराती भाभी माझ्या ओळखीची. तोरणाची सगळी लोकर मी तिच्याकडूनच घ्यायची.

"भाभी, दोन सुयांची विणाई करायची आहे. बारा नंबर द्या. जाड सुई हवी, काम लवकर होईल."

तिने दिल्या. निघाल्या खराट्याच्या काडीसारख्या. माघार घ्यायची तर नाक खाली होणार, म्हणून मी म्हटलं, "हं, अशाच हव्या होत्या."

मग लोकर. पांढरी उचलली तर भाभीने हातावर चापट मारली. "बेन, हाताला चिकूचा चीक आहे तुझ्या. चार दिवसांत पोतेरं होईल." एकेक गुंडा मी मानेला लावून बघू लागले. ऑक्टोबरचा उन्हाळा, दुकानातला पंखा नुसता किरकिरत होता. एक टोचली. दुसरीने घाम फोडला. तिसरी निळी, कॉटनची, मानेला लावली आणि जीव कसा थंड झाला.

"ही! काय गार लागते!"

"एकदम सरस," भाभी म्हणाली. तिनेही मानेला लावून पाहिली होती.

दोन जाणत्या बायका, दोघींचे केस पिकलेले, आणि एकीच्याही डोक्यात उजेड पडला नाही. आमच्याकडे थंडी म्हणजे पंखा पाचावरून दोनावर आणायचा. गळ्यात घालायच्या वस्तूकडून आम्हाला दुसरी अपेक्षा तरी काय असणार?

त्या काड्यांवर वीतभर विणायला दसरा उजाडला. टाके घामाने सुईला चिकटायचे. दुपारी लेकीने तुकडा गळ्याला लावला आणि डोळे मिटले. "आई गं, किती गार वाटतंय!"

"मग! निवडून आणलीय."

तिने एक डोळा उघडला. "आई, मी थंडीत चाललेय."

ती हसून हसून लादीवर आडवी झाली. मला हसू येईना. आठवडा राहिला होता आणि तिच्या घशासाठी माझ्या हातात एक गारेगार चिंधी होती.

पुन्हा रिक्षा, पुन्हा तेच दुकान. "भाभी, जी गळ्यात मिनिटभर सहन होणार नाही, ती द्या."

आधी तिला वाटलं माझं डोकं फिरलं. मग कळलं, तशी तीही गल्ल्यामागून उठून आली. दोघींनी गळ्यात एकेक लड गुंडाळली आणि समोरासमोर बसलो. गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं. तपकिरी लड भाभीच्या वाट्याला आली. तिचं तोंड लाल, कपाळावरून धारा. "अरे बापरे, काढ, काढ! मरून जाईन!"

"हीच बांधा," मी म्हटलं.

सुयांचं पाकीटच फोडलं. बाराच्या शेजारी सात ठेवली, तर सातच जाड! आकडा वाढतो तशी सुई बारीक. उलटाच कारभार. सात उचलल्या.

स्कार्फ झाला. सुरुवातीला चार बोटं रुंद, शेवटी हातभर, कारण टाके कुठून वाढत होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. लेकीने उघडून पाहिला, "आई, हा सुपासारखा दिसतोय," म्हणाली, आणि बॅगेत अगदी वर ठेवला.

मग मी रोज फोन करायची. "घसा?" "बरा आहे." "घातलास?" "घातलाय." असा नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. शेवटी ती वैतागली. "आई, घसा ठणठणीत आहे. आता रोज रोज नको ना विचारू."

मी फोन ठेवला. समाधान वाटायला हवं होतं. त्याऐवजी पुन्हा ओटीवरून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून वाडीत. आता फोन करायला निमित्त तरी काय? संध्याकाळी परत फोन लावला.

"आता काय?"

"पाय कसे आहेत तुझे? गार पडतात का?"

तिला हसू फुटलं. मग म्हणाली, "पडतात थोडे."

दुसऱ्या दिवशी भाभी म्हणाली, मोज्यांना चार सुया लागतात. चार! मी म्हटलं, द्या.