भाऊजींच्या गाडीतली संडासाची टाकी

न्हाय गं, गटार न्हाय तुंबलं. सकाळपासून आळीत जो वास सुटलाय, तो माझ्या दिराच्या नव्या गाडीचा हाय.

जमीन गोडावनला दिली नि भाऊजींनी पलंग, शेगडी, संडास असलेली गाडी घेतली. आठवडाभर घरातली सगळी हौसेनं तिच्यातल्या संडासातच बसली. आज भाऊजींच्या मुलाच्या होणाऱ्या सासू-सासऱ्यांना तिच्यातून वज्रेश्वरीला न्यायचं होतं.

विहीणबाईंनी आत पाय ठेवला नि पदर नाकाला लावला. व्याही म्हणाले, "आम्ही रिक्षानं येतो." रिक्षा सरळ त्यांच्या घरी गेली.

भाऊजी गाडीखाली बसून टाकीत सळई घालत होते. पाणी वाहून गेलेलं, बाकीचं तळाला चिकटून सुकलेलं.

"वैनी, आधी टाकी धुऊन कोरडी केलेली, वर फिनेलची अख्खी बाटली ओतलेली. तरी असं कसं?"

"आता अत्तर ओता भाऊजी. व्याह्यांना आवडंल."

रडायचेच बाकी होते. मी तिथंच खुर्ची टाकून चहा प्यायले.

गाडीच्या पूजेला हेच भाऊजी म्हणाले होते, "वैनी, तुम्ही मागं उभ्या रहा, ओवाळायला सवाष्ण लागते." बायांनो, तुमच्याकडं अजून असंच चालतं का?

गाडी आली तेव्हा घरी मी एकटीच होते. गॅरेजवाल्यानं मला बजावलेलं, टाकी रिकामी केली की तळाला दोन बादल्या पाणी ठेवा, ही पावडर टाका, फिनेल अजिबात नको. पूजा झाल्यावर मी भाऊजींना काहीच सांगितलं न्हाय. पावडर माझ्या संडासात टाकली. मस्त चालतो.