मोटर न लावलेली दुपार

माळा आवरताना जुना राऊटर हाताला लागला. पाठीवरच्या चिकटपट्टीवर माझ्याच अक्षरात पोर्टचा नंबर होता.

दुष्काळाचं साल होतं. नळाला आठवड्यातून एकदा, तासभर पाणी यायचं आणि मोटर लावली तरच ते गच्चीवरच्या टाकीत चढायचं. पण मोटर लावली की व्होल्टेज पडून राऊटर बंद व्हायचा. त्या दुपारी मी राऊटरच्या सेटिंगमध्ये खटपट करून पोर्ट, म्हणजे डाउनलोडची बंद वाट, उघडलं आणि दोन दिवस रखडलेला सिनेमा भराभर उतरायला लागला. तेवढ्यात नळ आला. चितेगावच्या कंपनीतून पहिली पाळी करून आलेले माझे वडील, आबा, मोटरच्या बटणाकडं वळले.

"आबा, मोटर नका लावू. आत्ताच वेग आलाय."

"किती वेळ लागंल?"

"तासभर."

ते बटणापासून मागं फिरले. खालच्या नळावर बादल्या भरून दोन जिने चढत राहिले. मधेच दारात थांबून, धापा टाकत म्हणाले, "उतरलं का रं?"

"होतंय," मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणालो.

संध्याकाळी जिन्यावर त्यांच्या पावलांचे ओले ठसे होते. मी ते ओलांडून मित्रांकडं गेलो.

आता आबा नाहीत. तो सिनेमा कोणता होता, तेही आठवत नाही.