पन्नास खांबांचे शंभर मीटर

आमचे हे पाट्या रंगवतात. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, झालंच तर बोटींवरची नावं. पण शहर त्यांना ओळखतं ते पहाटे पळणाऱ्यांच्या खुणांमुळे. तीन वाटा आहेत. समुद्राच्या कठड्याने दीपगृहापर्यंत जाते ती निळी, टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीला वळसा घालते ती पिवळी आणि बंदरामागच्या गोदामांतून फिरते ती पांढरी. दर शंभर मीटरला त्या त्या रंगाची खूण, आणि वर्षातून एकदा सगळ्या खुणा ताज्या करायच्या. तीस वर्षं हा नेम चाललाय. घरातली खिडकी रंगवायला मात्र ह्यांना अजून सवड झालेली नाही.

पिवळ्या वाटेवरून अख्खं बंदर दिसतं, तरी लोकांचा जीव निळीवर. एका बाजूला पाणी, पायाखाली सपाट फरशी. दीपगृहाचा दिवा मालवतो तेव्हा पाणी राखाडी असतं आणि बघता बघता गुलाबी होतं. मी पडदे शिवणारी बाई, मला असलं कौतुक करायला वेळ नसतो. पण तिथे मीसुद्धा दोन मिनिटं तोंड बंद ठेवते, असं हे सगळ्यांना सांगत असतात.

निळ्या वाटेवर ह्यांनी कधी टेप लावली नाही. कठड्याचे खांब मोजायचे. दोन खांबांत दोन मीटर, अशी पन्नास घरं मोजली की शंभर मीटर. पेंटरकाकांची खूण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं पळणारे म्हणायचे आणि हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

गेलं वर्षभर मात्र त्या वाटेवर सगळ्यांनाच काहीतरी झालं होतं. हेडमास्तर निवृत्तीनंतरही रोज पळायचे, त्यांना एकाएकी उशीर व्हायला लागला. वय झालं म्हणून त्यांनी पळणंच सोडलं आणि बाकावर बसून राहायला लागले. दाताच्या डॉक्टरांचं घड्याळ खुणांशी जुळेना, तर त्यांनी घड्याळ दोनदा दुरुस्तीला टाकलं. घड्याळ चुकेल, काका कसे चुकतील?

आणि आमची सून. तिला अग्निशमन दलात जायचं होतं. सोळाशे मीटर साडेसात मिनिटांत पळायचे, ही शेवटची परीक्षा. मुलगा बोटीवर, सहा सहा महिने घरी नाही. पोरगी एकटी उठून पहाटे पाचला निळ्या वाटेवर जायची. वर्ष घासलं, पण आठ मिनिटं पाच सेकंदांच्या खाली काही येईना. परीक्षेला चार दिवस उरले तेव्हा तिने प्रवेशपत्राचा बोळा करून माझ्या चिंध्यांच्या टोपलीत टाकला. "आई, नाही होत माझ्याने," एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे खुणा ताज्या करायला निघाले. गुडघा धरला होता, म्हणून डबे उचलायला मी सोबत. ह्यांची एक जुनी दोरी आहे, बरोबर दोन मीटरची, दोन्ही टोकांना लोखंडी आकडे. ती दोन खांबांमध्ये अडकवून तिच्यावर रंगाचे डबे टांगतात. बघते तर दोरीला वीतभर तुकडा जोडलेला.

"हे काय?"

"गेल्या वर्षी आटली दोरी. पुरेना, म्हणून जोड दिला."

"अहो, नायलॉनची दोरी आटते का कधी?"

पडद्यांची लांब टेप माझ्या पिशवीत असतेच. लावली. दोन मीटर वीस. गेल्या वर्षीच्या वादळात जुना कठडा गेला आणि नवा बसला, त्याचे खांब लांब लांब होते. हे आपले पन्नास मोजून मोकळे. शंभराचे एकशे दहा, सोळाशेचे सतराशे साठ. मी कपाळाला हात लावला. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मग टेपचं दुसरं टोक धरलं, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही सोळा खुणा खडूने नव्याने आखल्या.

घरी येऊन सुनेला सांगितलं. ती हसली, पण डोळे भरलेले. "बाबा, माझं मन राखायला खुणा सरकवू नका."

मी चिडून काही बोलणार होते. ह्यांनी हातानेच थांबवलं.

सकाळी पिशव्या धरायला चल म्हणून सुनेला मी ओढूनच नेलं. निळ्या वाटेच्या सुरुवातीला पंधरावीस जण पाय मोकळे करत होते. हे त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. चार माणसांत बोलायचं म्हटलं की ह्यांना घाम फुटतो.

"गेल्या वर्षी रंगवलेल्या निळ्या खुणा चुकल्यात," हे म्हणाले. "दर शंभराला दहा मीटर जास्त. मी न मोजता रंगवल्या. चूक माझी आहे."

डॉक्टर मनगटाकडे बघत राहिले. बाकावरून हेडमास्तर हळूच म्हणाले, "म्हणजे मी म्हातारा झालो नव्हतो तर." तेव्हा कुठे लोक हसले. ह्यांचे कान लाल झाले होते.

सून त्या कानांकडे बघत होती. एक अक्षर वाकडं आलं तर हा माणूस अख्खी पाटी पुसतो, हे तिला माहीत आहे. तिचं मन राखायला तो एक वेळ खोटं बोलेल, पण सगळ्या शहरासमोर स्वतःची खूण खोटी म्हणणार नाही. ती खाली बसली आणि बुटांच्या नाड्या घट्ट बांधल्या.

घड्याळ डॉक्टरांचंच घेतलं. पाणी गुलाबी होत होतं म्हणे, मी काटा सोडून कुठे पाहिलं नाही. सात मिनिटं बावीस.

ती वाकून दम खात होती. हे जवळ गेले आणि तिच्यापुढे पाण्याची बाटली धरली. ती माझ्याकडे वळली.

"आई, त्या टोपलीतल्या चिंध्या टाकल्यात का हो?"

चिंध्या कधीच टाकल्या होत्या. प्रवेशपत्र मात्र मी त्याच दिवशी उचलून, इस्त्री फिरवून मशीनच्या खणात ठेवलं होतं.