नळीखालचं बोंड

रफीकसर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या स्टँडवर अकोटच्या एसटीत बसलो होतो, त्यांनाच भेटायला. मी उतरलो नाही. भेटीला निघालो होतो, मातीला पोचलो...

सर अकोटला शाळेत चित्रकला शिकवायचे, मलाही त्यांनीच शिकवली. पण त्यांचा जीव ठासणीच्या जुन्या बंदुकांत. चालवण्यात नव्हे, त्या कोणी घडवल्या ते ओळखण्यात. इकडचे कारागीर बंदूक घडवून वर विलायती कंपनीच्या नावाची पट्टी ठोकायचे, म्हणजे गिऱ्हाईक खूश. स्वतःची खूण मात्र नळीच्या पोटाला, लाकडाआड कोरायचे. अकोटच्या एका कारागिराची खूण होती कपाशीचं बोंड. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. "नाव गेलं तं गेलं, पन त्याचं काम तं कोनी वळखावं," सर म्हणायचे. त्याच्या हातची प्रत्येक बंदूक त्यांना बघायची होती.

हिवरखेडला आमच्या घरी एक बंदूक आहे. वाघ मारला म्हणून गोऱ्या साहेबानं खास विलायतेहून मागवून पणजोबांना दिली, अशी घरातली कथा. दसऱ्याला ती पूजेला निघते, म्हणून सर दसऱ्यालाच यायचे. नळीवरून बोटं फिरवून बाबांना विचारायचे, "भाऊ, हे इथलंच काम वाटते. खिळे काढून पाहू का?"

"पूजेची वस्तू हाये सर. खोलाची नाई."

सर लगेच बंदूक पाटावर ठेवत आणि जेवायला बसत. पुढच्या दसऱ्याला पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. मी चिडायचो. सर म्हणायचे, "अरे, वस्तू त्याइची, मर्जी बी त्याइचीच."

यंदा दसऱ्याला सर नव्हते. पूजा मांडून झाली आणि बाबांनी अचानक हातोडी मागितली. खिळे सहज निघाले. नळी उलटी केली, तर पोटाला बोंड! सुरेख, उमललेलं.

"मले मालूम होतं," बाबा म्हणाले. "जवानीत एकदा खोलली होती म्या. मंग कोनालेच दाखवली नाई. बापानं साऱ्या गावाले सांगितलेली गोष्ट खोटी कशी पाडू?"

राग यायला हवा होता, आला नाही. बाबांनी बोट कुंकवात बुडवलं होतं, पण ते बोंडाला लावायचा त्यांना धीर होत नव्हता.

"दरसाली इचारत होते रे सर," ते म्हणाले, "आन म्या त्याइले नुसतं जेवाले वाढत होतो..."