गयाबाईचं साल

वकिलाच्या घरचं फाटक अडलं तर आदिलाबादेत बातमी होत नसे. खुद्द वकीलच फाटकावर अडकला तेव्हा मात्र झाली.

माझे सासरे नरसिंगराव वकील एका श्रावणात तसे अडकले. दहाला मुनसफांच्या कोर्टात हजर व्हायचं होतं, पाऊस धरून होता, आत दमणीला बैल जुंपून तयार होते आणि फाटकाचे दोन्ही पल्ले एकमेकांत असे रुतले होते की गड्याने खांदा लावला तरी हलेनात. सासरे भारी तापट. "मी चढून जातो," म्हणाले आणि शेरवानी-पगडीसकट चढले. पलीकडे उतरताना शेरवानीचा घोळ वरच्या खिळ्यात गुंतला. रस्त्याने चाललेल्या तिघा पक्षकारांनी त्यांना धरून खाली उतरवलं. त्यातला एक विरुद्ध बाजूचा होता. मी तेव्हा नवी सून, पदराचा बोळा तोंडात कोंबून ओसरीवर उभी होते. तरी मी हसले हे सासूबाईंना कळलंच, आणि त्यांनी ते पुष्कळ दिवस लक्षात ठेवलं.

ते फाटक दर वर्षी असंच छळायचं. पावसाळ्यात अडलं की दादाजी सुतार येऊन रंधा मारायचा. उन्हाळ्यात त्याच पल्ल्यांत एवढी फट पडायची की कडी कोयंड्याला पोचायची नाही. मग दादाजी येऊन पट्टी ठोकायचा. पुढच्या पावसाळ्यात पट्टी निघायची. दादाजीला मी दोष देत नाही. सुताराला बोलावलं की तो लाकडालाच हात घालणार. पण अस्सल सागवानाचं फाटक रंधून रंधून हडकुळं झालं आणि आमचं कुणाचं डोकं चाललं नाही, याचं मला अजून हसू येतं.

डोकं चाललं ते गयाबाई बेलदारणीचं.

गयाबाई जैनथकडची. नवरा धोंडीबा तापाने गेला तेव्हा भावकी म्हणाली, गाढवं विकून टाक आणि भावाकडे जाऊन राहा. तिने नवऱ्याची पहार खांद्यावर घेतली, दोन्ही गाढवं पुढे घातली आणि आदिलाबादेत येऊन स्वतः विहिरी उपसायला, पाये खणायला लागली. पंचेचाळिशीची असेल. काळी, उंच, बोलायला फटकळ. मजुरी ठरवताना ती कधी घासाघीस करायची नाही. एकदा आकडा सांगायची आणि समोरच्याने मान हलवेपर्यंत तंबाखू मळत बसायची. गाढवांपैकी एकाचं नाव गोंद्या आणि दुसऱ्याचं नवाब. सासऱ्यांनी तिला बजावलं होतं, "बाई, कचेरीच्या रस्त्यानं जाताना त्याला नावानं हाक मारू नको." ती म्हणाली, "म्या कुठं मारते? तो आपल्या मनानंच चालते."

निजामाच्या कचेरीचं फसली तेराशे पंचेचाळीस साल होतं. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर ती आमच्या विहिरीतला गाळ काढायला आली. फाटकात दादाजी पट्टी ठोकत होता. गयाबाई टोपलं खाली ठेवून बघत राहिली.

"लाकडाले काऊन मारून राह्यले, दादाजी? त्याचा काय गुन्हा?"

"वाळलं ना ते," दादाजी म्हणाला.

"लाकूड वाळून हातभर फट पडते काय? खांब हालले तुमचे." तिने खांबाशेजारच्या भेगेत हात घातला तो थेट कोपरापर्यंत आत गेला. "ही काळी माती हाय. पानी पेली का फुगते, अन् खांबाले आत रेटते. वाळली का फाटते, अन् खांब तिच्यासंग बाहेर जाते. तुमी तिकडं रंधा मारा नायतर पट्टी ठोका."

सासरे ओसरीवर कागद वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग उपाय?"

"दोनी खांब उपटाचे. चार हात खोल जाचं. काळी माती सरून मुरूम लागन, तिथं खांबाचा पाय टेकवाचा. भवताल दोन हात रुंद मुरूम अन् विटांचे तुकडे ठोकून भराचे. खांबाजवळ काळी माती टोपलंभर बी ठेवाची नायी."

दादाजी मोठ्याने हसला. सासऱ्यांनाही ते पटेना. चांगले उभे खांब उपटायचे म्हणजे काय? त्यावर गयाबाईने कमरेवर हात ठेवले.

"एक साल फाटक अडलं नायी पायजे. अडलं, तर माही दोनी गाढवं तुमची."

आमच्या सासऱ्यांना कुणी काही कबूल केलं की ते कागदावर घ्यायची खोडच होती. उधार दिलेल्या पंचांगाचीही ते पावती घेत. त्यांनी लगेच उर्दूत मुचलका लिहिला: गयाबाई बेवा धोंडीबा, काम फाटकाचं, मुद्दत चालू फसली साल अखेर, शर्त दोन गाढवं. नवाबाचं नाव मात्र टाळलं. 'एक गाढव, रंग राखी' असं घातलं. वाचून दाखवल्यावर गयाबाईने अंगठा उठवला. गाढवं गेली तर तिच्याजवळ पहारीशिवाय काही उरणार नव्हतं, आणि गाढवांशिवाय बेलदाराला काम कोण देतो?

अखाजीला खांब उभे राहिले. मातीच्या चार हातांखाली खरंच पिवळा मुरूम लागला. तिने तो ठोकून ठोकून भरला, वरून उतार दिला म्हणजे पाणी साचू नये. दादाजीकडून पल्ले नव्याने टांगून घेतले आणि म्हणाली, "आता या फाटकाले रंधा दाखवू नका."

त्या साली पाऊस काही कमी नव्हता. पैनगंगेला दोनदा पूर आला. आमचं फाटक मात्र एका बोटाने उघडत होतं. सासरे कोर्टात जाताना ते स्वतः उघडायचे, आणि उगाच परत लावून पुन्हा उघडायचे. अमीनसाहेबांनी आपल्या बंगल्याचं फाटक गयाबाईला दिलं, मग डॉक्टरांनी. गाव तिला फाटकवाली म्हणू लागलं.

दसऱ्याच्या आधी नवं फसली साल लागलं. सासऱ्यांनी तिला बोलावलं, मुचलका पुढे धरला आणि म्हणाले, "मुद्दत संपली, गयाबाई. जिंकलीस. हा घे आणि फाडून टाक."

ती कागदाला हातच लावीना. "संपली कशी? अखाजीले खांब गाडला ना?"

"कागदात फसली साल आहे. ते परवा सरलं."

"ते तुमच्या कचेरीचं साल. माहं साल अखाजी ते अखाजी. पानी पिऊन माती फुगली, ते पायलं. आता वाळून फाटन, ते पाहाचं हाय. अर्ध्या सालावर गाढवं सोडवून नेऊ काय?"

"अगं, कायद्यानं तू मोकळी आहेस!"

"मंग कायद्याले सांगा, गयाबाई मोकळी नायी," म्हणाली आणि गेली. इतक्या वर्षांच्या वकिलीत सुटायला तयार नसलेला माणूस सासऱ्यांनी पहिल्यांदाच पाहिला. कागद त्यांनी स्वतःच फाडला.

आता माझं सांगते. माझे यजमान व्यंकटेश हैदराबादेस वकिलीच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. घरात सासू-सासरे, गडी आणि मी. माघात माझा भाऊ माहूरहून आला. त्याने माहेरच्या मोगऱ्याचं रोप आणलं, मुळांना ओलं फडकं बांधून. ते हातात घेतलं आणि मला रडूच कोसळलं. लावायचं कुठे, तर फाटकाच्या उजव्या खांबाशी. टपालवाला तिथे यायचा. झाडाला पाणी घालायच्या निमित्ताने मला तिथे उभं राहता येणार होतं. पण मुरमात मोगरा जगत नाही. एका दुपारी सगळे झोपले असताना मी खुरपं घेऊन खांबाजवळचा दोन टोपली मुरूम उकरला, परसातली काळीभोर माती आणून भरली आणि रोप लावलं.

उन्हाळ्यात विहीर खाली गेली. सासूबाईंनी, देवकाबाईंनी, ताकीद दिली की विहिरीचं पाणी झाडांना घालायचं नाही. मी रोज पहाटे दोन घागरी मोगऱ्याला घालत होते. मोगरा मस्त फुटला. यजमानांची पत्रं महिन्याला एक यायची. त्यामानाने मोगरा जास्त बोलत होता.

अखाजीला तीन दिवस राहिले आणि फाटक अडलं.

चैत्र सरता सरता, रखरखीत उन्हात, पावसाळ्यासारखं अडलं. गावातल्या सगळ्या जमिनींना भेगा पडल्या होत्या, आणि आमचे पल्ले एकमेकांवर चढले होते. दादाजी लगबगीने आला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. लग्नाला आल्यासारखा आनंद होता.

गयाबाईला निरोप गेला. ती आली, डाव्या खांबाला ओळंबा लावला, सरळ. उजव्याला लावला; आत झुकलेला. ती मोगऱ्याशी बसली. दोन बोटं मातीत घातली, बाहेर काढली, अंगठ्यावर चोळली. मग तिने मान वर करून ओसरीकडे पाहिलं. मी तिथे तांदूळ निवडत होते. आमची नजरानजर झाली आणि मी पुन्हा सुपात मान घातली. तिने बोटं लुगड्याला पुसली.

"अडलं," एवढंच म्हणाली. "मी येते."

तासाभराने ती दोन्ही गाढवं घेऊन आली आणि त्यांची दोरी फाटकाला बांधली.

"हे काय?" सासरे पायऱ्या उतरत म्हणाले. "मी कागद फाडलाय, बाई. माझा काही दावा नाही."

"कागद तुमचा होता, फाडला. जबान माही हाय. गोंद्याले उजव्या बाजूनं वझं देऊ नका, खांदा दुखते त्याचा. नवाबाले सकाळी पयलं पानी पाजा." तिने पहार उचलली आणि दादाजीकडे वळली. "मारा आता रंधा."

दादाजीने रंधा पल्ल्यावर टेकवला. मला वाटलं तो माझ्याच छातीवर टेकवला. नवाब मान हलवत फाटकाला अंग घासत होता. सासूबाई दारात उभ्या होत्या. मला त्यांची भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण त्याहून जास्त लाज वाटत होती.

"थांबा!" मी ओसरीवरून ओरडले. सुनेने सासऱ्यांसमोर असं ओरडायचं नसतं. मी उतरून फाटकापाशीच गेले. "फाटक गयाबाईनं नाही, मी अडवलं. खांबाजवळचा दोन टोपली मुरूम मी उकरला. काळी माती मी भरली. रोज दोन घागरी पाणी घालते, विहिरीचं."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मोगऱ्याकडे पाहिलं, आणि ज्या स्वरात ते साक्षीदाराला विचारत त्या स्वरात म्हणाले, "खुरप्यानं?"

"हो."

"दोन टोपली?"

"हो."

ते वळले. "दादाजी, रंधा उचल."

गयाबाईने पहार टाकली आणि कुदळ घेतली. तिने मोगरा मुळांच्या मातीसकट अलगद काढून माझ्या हातात दिला. ओली माती उपसली, पहार लावून खांब मागे रेटला, मुरूम पुन्हा ठोकला. मी शेजारी रोप धरून उभी होते. सासूबाई आत गेल्या होत्या. मी हळूच विचारलं, "तुला आधीच कळलं होतं ना?"

"भर उनाळ्यात बोटाले ओली माती लागली. फाटकवाली हाय मी, मले कळन नायी?"

"मग बोलली का नाहीस? गाढवं देऊन चालली होतीस!"

तिने मुरमावर दोन ठोके हाणले. "गाढवं गेली असती, त दुसरी आनली असती मी. दोन सालं डोक्यावर टोपलं वाह्यलं असतं. तुमाले याच घरात राहाचं हाय, बाई."

अखाजीच्या सकाळी फाटक एका बोटाने उघडलं. गयाबाई अंगणात उभी राहून ते तीनदा उघडून लावून पाहत होती, आणि तिचं साल पुरं झाल्यावरच तिने गाढवांना हाक मारली, नावानं, भर रस्त्यावर. मी रिकामी घागर घेऊन ओसरीवर घुटमळत होते. सासूबाई मागून आल्या, घागर माझ्या हातून काढून घेतली. म्हणाल्या, "तो मोगरा धुण्याच्या दगडापाशी लाव. तिथं पाणी आपसूक जातं. आणि टपालवाल्याला मी आतपर्यंत यायला सांगितलंय."

त्या घरात मी पुढे सत्तेचाळीस वर्षं राहिले.