नाजूक या शब्दाचे दोन अर्थ

उस्ताद बहराम मला पहिल्यांदा भेटले ते वेस्ट विंडसरच्या माझ्या गराजमध्ये. सतारदुरुस्ती मी कुणाकडे शिकलो नाही. दोन मोडक्या सतारी खोलून, चुकत शिकलो. पण माझं माप मिलिमीटरच्या दहाव्या भागानेही चुकत नाही, हे सांगायला मी लाजत नाही. उस्तादांच्या कानी ते गेलं होतं.

त्यांनी टेबलावर 'तार' नावाचं इराणी वाद्य ठेवलं. तुतीच्या लाकडाचा भोपळा, तोंडावर कोकराची कातडी. आपल्या न्यू जर्सीच्या दमट उन्हाळ्यात ही कातडी ढिली पडते, सूर उतरतात. उस्तादांनी वर्षानुवर्षं खपून उपाय काढला: कृत्रिम कातडी आणि ती ताणणारी स्क्रूची कडी. कडी बसायला लाकडाचा काठ आतून तासायचा होता.

"हे माझ्या गुरूंचं. तेहरानहून निघताना एवढंच आणलं," ते म्हणाले.

मी हात पुसले आणि मगच वाद्याला लावले.

आमचं बोलणं इंग्रजीत, मध्येच त्यांची फारसी. "काठ नाजूक कर," त्यांनी सांगितलं. हा शब्द तर आपल्या घरातलाच! मी पटाशी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"मिलिंद-जान, भितोस काय? लाकूड आहे, सासू नाही!"

मी अगदी नाजूक हाताने, जेमतेम अर्धा मिलिमीटर तासलं. कडी बसवून स्क्रू पिळला.

कट्!

काठाला केसाएवढी चीर. मी झटकन स्क्रू सैल केला. उस्तादांनी चिरेवरून बोट फिरवलं.

"नाजूक का नाही केलंस?"

"केलं की! किती हळू हात चालवला."

त्यांनी कपाळाला हात लावला. "आमच्याकडे नाजूक म्हणजे पातळ. काठ जाड राहिला, म्हणून कडी दाटली."

मी माफी मागायच्या आत म्हणाले, "चूक शब्दाची. आणि शब्द माझा होता." त्यांनी स्वतः चिरेत सरस भरला, तो वाळू दिला आणि पटाशी पुन्हा माझ्याच हातात ठेवली.

"दुसऱ्या कुणाला सांगा ना, उस्ताद."

"दुसरा घाबरणार नाही. मला घाबरणारा हवा."

मग मी काठ त्यांच्या अर्थाने नाजूक केला आणि कडी अलगद बसली. जुन्याला हात घालणाऱ्याने कसं वागावं, हे मला त्या एका वाक्याने शिकवलं. गेल्या जुलैत भर दमट हवेत उस्तादांच्या मैफलीत ते वाद्य तासभर वाजलं, सूर तसूभर उतरला नाही. सगळे डोलत होते. माझे कान त्या चिरेकडे होते. अजूनही असतात.

आता उस्तादांची पंचाहत्तरी. जिना चढताना ते मध्येच थांबतात, तेव्हा माझे कान त्यांच्या श्वासाकडे लागतात.

उस्ताद, आपली प्रकृती ना आमच्या अर्थाने नाजूक होवो, ना आपल्या. आपण खूप वर्षं वाजवत राहा. भिण्याचं काम माझ्याकडे असू द्या.